एक रेघ, दोन रेघा

उत्रोली,
गणपती उठल्यानंतरचा आठवडा

प्रिय सोनिया,

तुझ्या माहेरच्या ओट्यापर्यंत पोचेल एवढा लांब हात करून तुला आशीर्वाद देते आहे, घे. तू लग्न होऊन आलीस त्या पहिल्याच महिन्यात तुझ्या आईला मोबाईलवर सांगत होतीस, ‘घरात सासू न्हाई म्हणून खूश झाले व्हते, पण हितं तर फौजदार बसलाय.’ मी मोरीत भांडी घासत होते, सगळं ऐकू आलं होतं. तर तोच फौजदार आज पत्र सांगतो आहे आणि लिहून घेते आहे खुर्शिदा, आपल्या भात गिरणीवाल्या मुबारकची बायको. मला अक्षर म्हणजे कागदावर सांडलेल्या मुंग्या, हे तुला माहीतच आहे. खुर्शिदाचा रोजा आहे, बिचारीच्या घशाला कोरड पडली आहे, तरी माझी बडबड उतरून घेते. मी ‘न्हाई’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते. त्यामुळं पत्रातली आजी जरा शाळेत जाऊन आल्यासारखी वाटली तर घाबरू नकोस.

तू म्हणशील, मोबाईल असताना पत्र कशाला? बोलले की मोबाईलवर. तू ‘हं’ म्हणतेस, ‘बरंय’ म्हणतेस आणि ‘रेंज जातीय’ म्हणून ठेवून देतेस. वेल्ह्याकडं रेंज जाते हे मला ठाऊक आहे, पण ती नेमकी माझा आवाज ऐकूनच कशी जाते? परवा तुझ्या आईनं, ठकुबाईंनी, आपल्या जावयाला, पप्पूला, फोन लावला. पप्पू टेम्पो धूत होता म्हणून मी घेतला. ठकुबाई रडत होत्या. म्हणाल्या, सोनिया पोराला हात लावत नाही. तोंडाला रुमाल बांधून ओट्याच्या कडेला बसते, ढब्बू रांगत तिच्याकडं निघाला की उठून परड्यात जाते. तो परवा पहिल्यांदा भिंतीला धरून उभा राहिला, तर आई म्हणून हिनं काय करावं, लांबूनच टाळ्या वाजवल्या. दूध आटत चाललं आहे. पोर ठकुबाईंच्या कुशीत झोपतं आणि ही पलीकडच्या खोलीत दार लावून. समजवायला गेलं की एकच बोलते, ‘माझ्यामुळं एकदा मरता मरता वाचलाय. परत न्हाई.’ हे ऐकलं तेव्हापासून मला भाकरी गोड लागत नाही. आणि मला भाकरी गोड लागत नाही म्हणजे काय, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

त्याचंच सांगायला बसले आहे. पण एकदम मुद्द्यावर यायची मला सवय नाही आणि आज तर धीरही नाही. म्हणून आधी घरचं ऐक.

घर आहे तिथंच आहे. म्हैस तुझी आठवण काढते, म्हणजे माझ्या हाताला पान्हा सोडत नाही, लाथ सोडते. पाऊस उशिरा आला तशी लावणी उशिरा झाली, पण भात आता बरं दिसतं आहे. बांधाकडची एक ओळ फक्त वाकडी आहे. येणारा-जाणारा विचारतो, ही कुणी लावली? मी सांगते, आमची बारावी पास आहे तिनं. पप्पू सकाळी टेम्पो काढतो तो अंधार पडता येतो. तू नसल्यावर त्याला मीठ जास्त झालं काय, कमी झालं काय, सारखंच. गणपतीत या वर्षी आरतीला निम्मंही गाव नव्हतं. ज्याच्या त्याच्या गळ्यात कापराची पुडी, तोंडाला रुमाल. रुमालातनं आरती म्हणायची म्हणजे देवाला काय कळलं असेल, देव जाणे. सोनबा तर रुमाल वर करून प्रसाद खायचा आणि परत रुमाल लावायचा, जशी काय साथ प्रसादापुरती बाहेर थांबते.

तुझ्यामाझ्यात काय कमी वाजायचं का गं? मी ढब्बूला काजळ घालायचे, तू पुसायचीस. मी घुटी उगाळायचे, तू म्हणायचीस, ‘आजी, नर्सबाईंनी नको सांगितलंय.’ मी शेतातनं येऊन हात पुढं केले की तुझं ठरलेलं, ‘आजी, आधी हात धुवा.’ याच हातांनी मी पप्पूला वाढवलं, त्याचे आईबाप गेल्यावर याच हातांनी त्याला भरवलं, हे मी तुला किती वेळा ऐकवलं असेल! तू ऐकून घ्यायचीस आणि साबण पुढं करायचीस. मग मी हात धुऊन त्याला घ्यायचे तर हा गडी माझ्या खांद्यावरनं मान वळवून तुलाच शोधायचा. तुझा पदर दिसला की माझ्या हातातनं निसटायला बघायचा. मी हसायचे, ‘बघा, आईचा चमचा!’ असं म्हणायचे. हसायचे वरवर.

तर त्या तापाचं. पुण्यात माणसं दगावत होती, टीव्ही दिवसभर तेच सांगत होता. शाळा बंद झाल्या. भोरच्या बाजारात ओळखीची माणसं लांबनंच हात करून पुढं जायला लागली. त्यात तुला ताप आला, अंग मोडून आलं. मला खोकला होता, पण माझा खोकला मिसरीचा, असं मीच गावभर जाहीर करून टाकलेलं. पप्पूनं आपल्या दोघींना आणि पोराला टेम्पोत घातलं आणि भोरला त्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पुण्याहून त्या तपासणीच्या पट्ट्या मागवल्या होत्या. नाकात काडी इतकी खोल घातली की मला माझं माहेर दिसलं. मग ती काडी औषधात घुसळली, थेंब पट्टीवर टाकले आणि आपण सगळे त्या बोटभर पट्टीकडं बघत बसलो. तुझ्या पट्टीवर दोन रेघा उठल्या, चांगल्या ठसठशीत. माझ्यावर एकच. डॉक्टर म्हणाले, दोन रेघा म्हणजे फ्लू आहे. तू पोर माझ्या मांडीवर ठेवलंस आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलीस, भिंतीकडं तोंड करून.

आणि मी बाहेर आले ती एक बोट वर करून. निवडणूक जिंकलेला माणूस येतो तशी. भोरपासून उत्रोलीपर्यंत ओळखीचं जो दिसला त्याला मी टेम्पोतनं बोट दाखवलं. वेशीवर फुलाबाईनं विचारलं, ‘बना, काय निगालं गं?’ मी म्हटलं, ‘मला एक, हिला दोन. म्हातारी पास, बारावी पास नापास!’ फुलाबाई हसली. पप्पूही थोडा हसला. मागं पोत्यांवर बसलेली तू हसली नाहीस, हे मी बघितलं होतं.

तुला गोठ्याशेजारच्या खोलीत घातलं, जिथं पेंढा आणि खताची पोती असतात. तुझं ताट मी दारात ठेवायचे आणि चार पावलं मागं सरकायचे. तू दाराआडून म्हणालीस, ‘आजी, डॉक्टर म्हणालेत, तोंड-नाक बांधून, हात धुऊन पाजायला हरकत न्हाई. पाजू द्या हो. छाती दगड झालीय.’ मी काय केलं? दोन बोटं दाखवली आणि दार ओढून घेतलं. तुझं रडणं पोराला ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ लावला. तू दूध पिळून पेंढ्यावर टाकत होतीस. दुसऱ्या दिवशी पेंढा काढताना मला वास आला. म्हशीनं तो पेंढा खाल्ला नाही.

गावाला हे सगळं कुणी सांगितलं असं तुला वाटतं? तुला वाटलं असेल, पप्पू बोलला असेल, नाहीतर भोरहून बातमी आली असेल. मीच सांगितलं. भाताचं पोतं भरडायला म्हणून गिरणीत गेले आणि तिथं उभी राहून सांगितलं, आमच्या सोनियाला लागलाय तो पुण्याचा रोग. मग फुलाबाईनं तिच्या नातवंडांना आपल्या दारावरनं जायची बंदी केली. डेअरीवाल्यानं आपलं दूध दोन दिवस घेतलं नाही. खुर्शिदा मान खाली घालते आहे. मान खाली घालू नकोस बाई, लिही. तू त्या दिवशी ऐकलंस आणि पुढं दिलंस, सुरुवात माझी होती.

आणि ढब्बू माझ्याकडं. दिवसभर माझ्याकडं, रात्रभर माझ्याकडं. म्हशीचं दूध पाणी घालून पाजलं, पेज भरवली. दोन दिवसांनी मला हुडहुडी भरली. मी म्हटलं, पावसाचं अंग आहे, चिखलात उभं राहिल्यावर व्हायचंच. पप्पूला कळू दिलं नाही. गोळी घेतली आणि पोराला गोधडीत छातीशी घेऊन पडले, त्याची ऊब बरी वाटायची. तोंडाला मी कधी फडकं बांधलं नाही. कशाला बांधू? माझी एक रेघ होती ना! त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन मी गाणी म्हटली. पेज फुंकून निववली, आधी माझ्या जिभेवर घेऊन बघितली, मग तेच बोट त्याच्या तोंडात. तू बघितलं असतंस तर मला घराबाहेर काढलं असतंस. काढायलाच हवं होतं.

मग एका सकाळी त्यानं पेज तोंडात धरली नाही. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, कुत्र्याच्या पिलासारख्या. पप्पूनं टेम्पो काढला. तू खोलीतनं पळत आलीस, पोराला घ्यायला हात पुढं केलेस आणि स्वतःच मागं घेतलेस. कुणी तुला अडवलं नव्हतं. तू मागं हौद्यात जाऊन बसलीस, भिजत. पुढं मी, पोर माझ्याच मांडीवर. पुण्यापर्यंत तू मधल्या खिडकीच्या जाळीला तोंड लावून विचारत होतीस, ‘रडतोय का? आजी, रडतोय ना?’ रडतोय म्हणजे श्वास चालू आहे, एवढंच तुला पाहिजे होतं. त्याचं रडणं शिंदेवाडीच्या अलीकडं थांबलं. मी तुला ‘रडतोय’ म्हणून सांगितलं. सगळ्या दिवसांत तुझ्यासाठी मी केलेलं ते एकच चांगलं काम, आणि तेही खोटंच.

दवाखान्यातलं तुला माहीत आहे. नाकात नळ्या, ते औषध, ते काचेचं दार. आत एकालाच सोडायचे आणि तू म्हणालीस, ‘आजींना सोडा, मला नको.’ तुला आठवतं, तिथं आपल्या सगळ्यांच्या घशातनं परत काडी फिरवली होती? ती तपासणी पट्टीची नव्हती. ती पुण्यातल्या मोठ्या तपासणीला जायची, तिला दिवस लागायचे, पण फ्लू आहे की नाही एवढंच सांगून ती थांबत नाही, कुठला आहे तेही सांगते. ढब्बूचा कागद आला, नवा फ्लू. तो पप्पूनं बघितला, तू बघितलास. मग कुणी काही विचारलंच नाही. विचारायचं काय? तुझ्या दोन रेघा सगळ्यांनी बघितल्या होत्या.

आपल्या दोघींचं काय आलं, ते त्या डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला सांगितलं. पप्पू औषधं आणायला गेला होता, तू खाली नळावर त्याचे कपडे धूत होतीस. पोरगी लहानच होती, तुझ्याएवढी, डोळ्यांखाली काळं आलेलं. म्हणाली, ‘आजी, तुमच्या सुनेला नेहमीचा जुना फ्लू झाला होता, दरवर्षी येतो तो. बाळाला नवा झालाय. आणि तुम्हालाही नवाच.’ मी म्हटलं, ‘बाई, तुमचं काय तरी चुकतंय. माझी एक रेघ व्हती.’ आणि सवयीनं बोट वर केलं. ती हसली नाही. म्हणाली, ‘त्या पट्ट्या जुना फ्लू बऱ्यापैकी ओळखतात. हा नवा आहे, याला कधी ओळखतात, पुष्कळदा ओळखतच नाहीत. त्यात ताप यायच्या आधी तपासलं तर आणखी अवघड. दोन रेघा आल्या तर फ्लू आहे हे खरं धरायचं, पण कुठला ते पट्टी सांगत नाही. एकच आली तर काहीच नाही, असं कधी धरायचं नाही.’

माझ्या डोक्यात ते गिरणीवरनं शिरलं. खुर्शिदाच्या समोर पोतं ठेवलं की ती पोत्याचं तोंड न सोडता सांगते, आंबेमोहोर आहे. वास येतो. पण एखादं नवं, बिनवासाचं वाण आणलं तर तिला वास येणार नाही. म्हणून काय ते पोतं रिकामं? मी भरलेलं पोतं डोक्यावर घेऊन, रिकामं आहे, रिकामं आहे, असं गावभर सांगत फिरत होते आणि तेच घेऊन पोराच्या शेजारी झोपले. तुझ्या पोत्यातला वास सगळ्यांना आला, म्हणून तुला पेंढ्यात बसवलं.

तू पोराला काही दिलं नाहीस, सोनिया. मी दिलं.

आता तू मला माफ करायला निघशील, मला माहीत आहे तुझा स्वभाव. म्हणशील, आजीला काय ठाऊक, पट्टीनं फसवलं. थांब. पट्टीनं मला फसवलं नाही. भोरच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी मला सांगितलं होतं. तू पायरीवर होतीस, पप्पू टेम्पो वळवत होता. ते म्हणाले, ‘बनाबाई, एक रेघ आली म्हणून गाफील राहू नका. खोकला तुम्हालाही आहे. ही पट्टी नवा ताप सोडून देते असं ऐकतोय. बाळाला घ्यायचं असेल तर तुम्ही पण तोंड बांधा, आणि ताप आला तर लगेच या.’ मी ‘व्हय, व्हय’ म्हटलं. त्यांच्या दारातनं बाहेर पडले आणि बोट वर केलं. त्यांचं बोलणं तिथंच त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

इथं खुर्शिदाचं पेन थांबलं होतं. ती रडत होती आणि रोज्यात रडलेलं चालतं का, असं मी तिला विचारलं तर आणखी रडायला लागली. मी तिला मुद्दाम बोलावलं होतं. गावात लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत, सोनबाची सून तर कॉलेजात जाते. पण खुर्शिदाच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिनं ऐकलं की गिरणीत आलेल्या प्रत्येक बाईच्या टोपलीत ते जातं. मला तेच पाहिजे होतं. मी तिला म्हटलं, ‘आता गिरणीत जाऊन सगळ्यांना सांग, सोनियाचं न्हवतं, बनाबाईचं व्हतं.’ तर ही काय म्हणाली असेल? ‘आजी, मी असलं न्हाई कुणाला सांगणार.’ मी म्हटलं, ‘आगं, जन्मभर दुसरं केलंस काय?’ ‘करू दे. हे माझ्या तोंडातनं जायचं न्हाई.’ आता बघ, आयुष्यात एकदा हिची गरज पडली तर ही सज्जन झाली.

म्हणून पत्र ठेवलं आणि मीच गेले. गिरणीच्या दारात फुलाबाई होती, बाळाबाई होती, आणखी दोघी भात घेऊन आलेल्या. मुबारकला पट्टा बंद करायला लावला, नाहीतर ऐकू कुणाला जाणार? सगळं सांगितलं. तुला सांगितलं तेवढं सगळं, भोरच्या डॉक्टरांचं सुद्धा. मला वाटलं होतं फुलाबाई थुंकेल. ती काय म्हणाली, ऐक. ‘जाऊ दे बना, म्हाताऱ्या माणसाचं व्हतंय असं. पोर वाचलं न्हवं?’ बाळाबाईनं मला बसायला पोतं सरकवून दिलं. कुणीतरी पाणी दिलं. सोनिया, चार पावलं मागं कुणी सरकलं नाही. तुला न केलेल्या गोष्टीसाठी पेंढ्यात बसवलं, आणि मी केलेलं सांगितलं तर मला बसायला दिलं. मी ते पाणी प्यायले नाही. तशीच परत आले आणि आल्यापासून मान वर होत नाही. आजवर या गावात मी अनेकींची जिरवली, पण माझी इतकी कुणी जिरवली नव्हती, आणि तीही पाणी देऊन.

पप्पूला मी काल रात्री जेवताना सांगितलं. तो ताटावरनं उठला नाही, पण पुढं जेवलाही नाही. सकाळी मी केलेला चहा न घेता गेला. त्याला तू काही म्हणू नकोस. त्यालाही स्वतःचं बघायचं आहे, तोही त्या दिवशी वेशीवर हसला होता.

आता एकच राहिलं आहे आणि ते सांगताना मी खुर्शिदाला माझ्याकडं बघू नकोस म्हटलं आहे. दवाखान्याच्या जिन्यात तू धुतलेले कपडे घेऊन वर येत होतीस, मी खाली येत होते. डॉक्टरीणबाईंनी नुकतंच मला सांगून, ‘सुनेला सांगा हं, ती फार मनाला लावून घेतेय,’ असं बजावलं होतं. तू थांबलीस आणि विचारलंस, ‘आजी, माझ्यामुळंच झालं ना हे?’ मला माहीत होतं, सोनिया. त्या क्षणी मला सगळं माहीत होतं. मी तुझ्या डोक्यावरनं हात फिरवला आणि म्हटलं, ‘झालं ते झालं, आता रडू नको.’ का? कळलं असतं तर ते पोर परत माझ्या मांडीवर कुणी दिलं नसतं, म्हणून. आणि त्याच्याही खाली एक गोष्ट आहे, ती मी देवापुढं सुद्धा बोललेले नाही. भोरला तुझ्या पट्टीवर ती दुसरी रेघ उमटली तेव्हा मला आनंद झाला होता. तू आजारी पडलीस याचा नाही. पण आता हा माझ्याकडं झोपेल, मान वळवून कुणाला शोधणार नाही, याचा. तेवढ्यासाठी मी तुझं दूध पेंढ्यावर सांडू दिलं, आणि तेवढ्यासाठी तुला महिनाभर पोटच्या पोराची चोर करून ठेवलं. तर ऐक आता, तुझ्या दुधात त्याला बाधेल असं काही नव्हतं, आणि आता तुझ्या अंगातही नाही. तोंडावरचा तो रुमाल सोड. दूध आटलं असं ठकुबाई म्हणतात, तरी लाव त्याला, पोर ओढायला लागलं की येतं. आम्हाला कधी भेटवायचं, भेटवायचं की नाही, ते तू ठरव, मी विचारणार नाही आणि पप्पूलाही विचारू देणार नाही. आणि या पत्राला उत्तर लिहायला बसू नकोस. उत्तर लिहायचं म्हणजे त्याला खाली ठेवावं लागेल.

तुझीच,
बनाआजी